घराचं काँक्रीट आणि पावसाचं पाणी
(स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला विषय विचारला नाही, विषय दिला. त्याचं कारण आपला व्हॉट्सअॅपचा ग्रुप. जुलै लागला की या ग्रुपवर सुप्रभातचे संदेश कमी होतात आणि ओल्या छताचे फोटो सुरू होतात. फोटोखाली एकच प्रश्न असतो, "कोणतं केमिकल मारू?" त्यावर सात जण सात डब्यांची नावं सांगतात. मी आयुष्यभर बांधकामात नोकरी केली, म्हणून आठवं नाव मी सांगावं अशी अपेक्षा असते. आज मी डब्याचं नाव सांगणार नाही. डबा कधी उघडायचा आणि कधी दुकानातच राहू द्यायचा, एवढंच सांगणार आहे.

विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरी मागच्या पावसाळ्यात खिडकीवरच्या छज्ज्याचा तुकडा पडला. खाली दोन हातांवर तिची नात भातुकली मांडून बसली होती. पोरीला काही झालं नाही. घर अठरा वर्षांचं. तुकडा पडण्याच्या आधीच्याच दिवाळीत त्या छज्ज्यावर "वॉटरप्रूफ" म्हणून एक महागडा लेप लावून घेतला होता. ती आज इथे बसली आहे आणि तिनेच मला हे सांगायला सांगितलं आहे.

आपण लहान होतो तेव्हा दवनीवाड्यात काय किंवा आजूबाजूच्या गावांत काय, बहुतेक घरं मातीच्या भिंतीची आणि कवेलूची. मृगाच्या आधी कवेलू फेरायचे, माकडांनी फोडलेले बदलायचे. ते छप्पर दरवर्षी देखभाल मागायचं आणि ती आपण निमूट करायचो. मग स्लॅब आले. स्लॅब टाकला की आता तीन पिढ्यांना बघायला नको, अशी आपली समजूत झाली. काँक्रीट म्हणजे दगड आणि दगडाला काय होणार! खरं तर काँक्रीट हा पाणी पिणारा दगड आहे.

तो पाणी का पितो हे आपल्याला नववीत शिकवलं होतं. आठवतं का, सरांनी पाण्यात काचेची बारीक नळी उभी धरली होती आणि पाणी नळीत आपोआप वर चढलं होतं? नळी जितकी बारीक तितकं पाणी जास्त वर. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तेही यामुळेच. आता काँक्रीट बघा. सिमेंटला घट्ट होण्यासाठी लागतं त्यापेक्षा जास्त पाणी आपण मिश्रणात घालतो, कारण पातळ माल फावड्याने ओढायला सोपा जातो. हे जादा पाणी पुढे वाळून निघून जातं आणि त्याच्या जागी केसाहून कितीतरी बारीक नळ्यांचं जाळं उरतं. एक मायक्रॉन त्रिज्येच्या नळीत पाणी हिशोबाने सुमारे पंधरा मीटर चढू शकतं. म्हणजे पावसाने भिजलेली भिंत नुसती ओली होत नाही, ती पाणी ओढून घेते.

पाणी आत गेलं म्हणून काँक्रीट विरघळत नाही. बिघाड होतो तो आतल्या सळईचा. ताज्या काँक्रीटचा पीएच साडेबारा-तेराच्या आसपास असतो. इतक्या अल्कलीत लोखंडावर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि सळई गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड बाहेरून आत सरकत जातो, चुन्याशी संयोग पावतो आणि पीएच नऊच्या खाली आणतो. ही रेषा सळईपर्यंत पोहोचली की संरक्षण संपलं. मग ओलावा आणि प्राणवायू मिळाला की गंज सुरू. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो, आतून रेटा देतो, आधी सळईच्या रेषेत चीर पडते आणि मग एके दिवशी तुकडा सुटतो. मैत्रिणीच्या छज्ज्याचं हेच झालं. वरच्या लेपाने त्याला मदतही केली नाही आणि नुकसानही केलं नाही. रोग आत पिकून झाला होता, मलम उशिरा लागलं.

ही रेषा किती आत आली आहे, हे बघायला आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतलंच औषध लागतं. फिनॉल्फ्थॅलीन! अनुमापनात एका थेंबाने चंचुपात्र गुलाबी व्हायचं आणि एक थेंब जास्त पडला की सरांचा चेहराही. काँक्रीटचा ताजा टवका उडवून त्यावर हे द्रावण शिंपडलं, की अल्कली शाबूत असलेला भाग गुलाबी होतो आणि गेलेला भाग रंगहीन राहतो. मी छज्ज्याचा पडलेला तुकडा तपासला. सळईपर्यंत गुलाबी रंगाचा पत्ताच नव्हता. सळईखाली काँक्रीट होतं जेमतेम दहा मिलिमीटर.

इथे एक गणित लक्षात ठेवा. ही रेषा काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आत सरकते. त्यामुळे सळईवरचं कव्हर दुप्पट केलं तर तिथे पोहोचायला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. दहा मिलिमीटर ओलांडायला पंधरा वर्षं लागली असतील, तर त्याच काँक्रीटमध्ये वीस मिलिमीटरला साठ लागतील. आयएस ४५६ हे आपलं भारतीय मानक. ते २००० सालच्या आवृत्तीत सौम्य परिस्थितीत २०, मध्यम परिस्थितीत ३० आणि तीव्र परिस्थितीत ४५ मिलिमीटर कव्हर सांगतं. वारंवार भिजणं आणि सुकणं ही त्यात तीव्र परिस्थिती धरली आहे. आपल्याकडे सळईखाली गिट्टीचा तुकडा सरकवतात, माल ओतताना तो निसटतो आणि सळई सेंट्रिंगच्या पाटीवर जाऊन बसते. सिमेंटचे कव्हर ब्लॉक दोन-चार रुपयांचे असतात. साऱ्या डब्यांपेक्षा हे ब्लॉक मोठं काम करतात, पण त्यांची जाहिरात टीव्हीवर येत नाही.

समुद्राकाठी याहून वाईट. तिथे मीठ असतं आणि मिठातलं क्लोराइड पीएच चांगला असतानाही सळईवरचा थर फोडतं. गोव्यात पणजीचा मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा तो जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा होता. पोलादाचा गंज हे त्यामागचं मोठं कारण. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ साली सुरू झाला आणि १९९७ साली शेजारी दुसरा उभा राहिला. वाहतूक वाढली हे एक कारण, पहिल्या पुलाला लागलेला गंज हे दुसरं. तुम्ही म्हणाल, आमच्या गोंदिया जिल्ह्यात समुद्र कुठला? समुद्र नाही, पण पोटॅशचं पोतं आहे. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ. रोवण्याच्या दिवसांत खताची पोती घराच्या कॉलमला टेकवून ठेवतो, ती पाझरतात आणि वर्षानुवर्षं क्लोराइड तिथेच मुरतं. पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवा. ही सूचना फुकट आहे.

आता औषधाकडे येतो.

काँक्रीटवर लावायच्या वस्तूंच्या दोन जाती आहेत आणि दुकानदार त्या एकाच फळीवर ठेवतो. एक जात वर साय धरते, म्हणजे रंग, डांबर, अॅक्रिलिक, रबरासारखे लेप. ते नळ्यांची तोंडं बंद करतात. दुसरी जात आत शिरते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. ती सिलेन-सिलॉक्सेनची. तोंड बंद करणं म्हणजे वॉटरप्रूफिंग आणि पाणी झटकून टाकणं म्हणजे वॉटर रिपेलंट. मला आज बोलायचं आहे ते या झटकणाऱ्या जातीबद्दल.

हे झटकणं आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. धोप्याच्या पानावर पाणी टाकलं की थेंब मोत्यासारखा पळतो, पान कोरडं. बोडीतल्या कमळाच्या पानाचंही तसंच. बार्टलॉट नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने पानावरचा मेणाचा थर आणि त्यावरचे सूक्ष्म उंचवटे यांचा अभ्यास केला आणि १९९७ च्या सुमारास त्याला 'कमळ-परिणाम' हे नाव रूढ झालं. आपल्या आयांना तो वड्या करताना रोज दिसत होता.

सिलेनचा रेणू फार लहान असतो, म्हणून तो काँक्रीटच्या नळ्यांत काही मिलिमीटर आत शिरतो. आतल्या ओलाव्याशी आणि अल्कलीशी त्याची क्रिया होते, थोडं अल्कोहोल उडून जातं आणि रेणूचं एक टोक नळीच्या भिंतीला कायमचं चिकटतं. दुसरं टोक मेणासारखं, पाण्याला नको म्हणणारं, ते नळीच्या पोकळीकडे राहतं. नळी बंद होत नाही. फक्त तिचा स्वभाव बदलतो. सरांनी पाण्यानंतर पाऱ्यात नळी धरली होती आणि पारा वर चढायच्या ऐवजी खाली दबला होता. सिलेन लावलेल्या नळीत पाणी असं पाऱ्यासारखं वागतं. आणि नळी उघडीच असल्यामुळे आतली वाफ बाहेर पडू शकते, भिंत श्वास घेते. साय धरणाऱ्या लेपाला हे जमत नाही, म्हणून त्याला फोड येतात आणि पापुद्रे सुटतात.

हा शोध काही एका रात्रीत लागला नाही. थंड देशांत रस्त्यावरचं बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्यामुळे पुलांच्या सळया सडायच्या. अमेरिकेत १९६० च्या दशकात त्यावर उपाय म्हणून काय लावत होते माहीत आहे? उकळलेलं जवसाचं तेल! आपण धानाच्या उभ्या बांधीत उतेरा म्हणून लाखोळीबरोबर जे जवस फेकतो, त्याचंच. ते काही काळ चालायचं आणि मग झिजून जायचं, पुन्हा लावावं लागायचं. १९८१ साली तिथे पुलांसाठीच्या अशा लेपांची तुलना करणारा एक मोठा अहवाल निघाला आणि त्यात सिलेनची बाजू वर आली. पुढे युरोपनेही या उपचाराचं मानक केलं.

आता मर्यादा. माझ्या भाषणातलं हेच ऐकलंत आणि बाकी विसरलात तरी चालेल.

सिलेन नळीचं ओढणं थांबवतं, पाण्याचा दाब थांबवत नाही. भिंतीवर वाऱ्यासकट पाऊस आपटतो तेव्हा दाब किती असतो? ताशी साठ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब म्हणजे जेमतेम पावणेदोन सेंटीमीटर पाण्याच्या उंचीइतका. बारीक नळी तेवढं सहज परतवते. म्हणून बाहेरच्या उघड्या काँक्रीटला, छज्ज्याला, कठड्याच्या बाहेरच्या अंगाला, पाण्याच्या टाकीखालच्या खांबांना हे औषध उत्तम. पण स्लॅबवर चार दिवस पाणी तुंबलेलं आहे आणि त्यात अर्ध्या मिलिमीटरची चीर आहे, तर सिलेन त्या चिरेपुढे हात जोडतं. टाकीच्या आतून, विहिरीत, जमिनीखालच्या खोलीला ते लावू नका. ग्रुपवरच्या दहा फोटोंपैकी निम्म्याहून जास्त तुंबलेल्या स्लॅबचे असतात. त्यांना केमिकल नको, उतार हवा. शंभराला एक असा उतार, स्वच्छ पन्हाळ, चिरा भरून घेणं, आणि वरून नीट दाबून केलेला कोबा. स्लॅबवर धान किंवा मोहफुलं वाळवल्यावर पन्हाळीत काय काय अडकतं, ते एकदा वाकून बघा. माझ्या एका शेजाऱ्याच्या घराची "गळती" लाखोळीच्या भुसाने केली होती.

दुसरी मर्यादा जोत्याच्या ओलीची. भिंतीला खालून कमरेपर्यंत ओल चढली आहे, पांढरा लोणा फुलतो आहे, प्लास्टर भुसभुशीत झालं आहे, अशा भिंतीला बाहेरून सिलेन मारणं हा अपाय आहे. पाणी जमिनीतून येतच राहतं, क्षार घेऊन येतं. आधी ते पृष्ठभागावर सुकून पांढरी पूड व्हायचं आणि आपण झाडून टाकायचो. आता ते औषधाच्या थरामागे आतच सुकतं, तिथे क्षारांचे स्फटिक वाढतात आणि पुढचा थर ढकलून पाडतात. गोठ्याच्या भिंतीला तर मुळीच नाही.

तिसरं म्हणजे सिलेन हवा थांबवत नाही. कार्बन डायऑक्साइडची ती रेषा पुढे सरकतच राहते, कोरड्या काँक्रीटमध्ये थोडी लवकरही सरकू शकते. फायदा एवढाच की आत ओलावा कमी राहिल्याने गंजाचा वेग मंदावतो. हा फायदा मोठा आहे, पण कमी कव्हरवर ही जादू नाही. आणि सळई आधीच सुजली असेल तर हातोडीने ठोकून बघा. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं भद्द वाजतं. भद्द वाजलं तर सुटलेला भाग फोडायचा, सळईच्या मागेपर्यंत मोकळं करायचं, गंज घासून काढायचा, सळई फार झिजली असेल तर जोड द्यायचा, चांगल्या मालाने भरायचं, पाणी मारायचं. हे सगळं झाल्यावर, महिनाभराने, औषध. मैत्रिणीच्या घरी आम्ही या क्रमाने गेलो. छज्ज्याच्या खालच्या कडेला एक खाच पाडून घेतली, तिला गवंडी ड्रिप म्हणतात. पाणी त्या खाचेशी थबकून खाली टपकतं, मागे भिंतीकडे सरकत नाही. त्या खाचेला खर्च गवंड्याच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा.

लावायचं कसं? आपल्याकडे वर्षाला बारा-चौदाशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. म्हणून वेळ दिवाळीनंतरची. काँक्रीट दोन दिवस तरी कोरडं असलं पाहिजे. शंका असेल तर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर थांबा. मे महिन्याच्या दुपारी लावू नका, औषध आत जाण्याआधी उडून जातं. जुना रंग आणि शेवाळ आधी काढा. भिंतीवर खालून वर जात भरपूर ओता, पुसल्यासारखं लावू नका, आणि पहिला हात ओला असतानाच दुसरा द्या. छताच्या खालच्या बाजूला पातळ औषध टिकत नाही, तिथे क्रीमसारखं मिळतं ते घ्या. डब्यात सिलेनचं प्रमाण किती टक्के, हे विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर दुसऱ्या दुकानात जा. दहा टक्क्यांचा आणि चाळीस टक्क्यांचा डबा एकाच किमतीत मिळत नाही, तसा एकसारखं कामही करत नाही. हातमोजे, चष्मा घाला. आणि लावणाऱ्याला बिडी पेटवू देऊ नका, बरीच औषधं पेट घेतात.

काम झालं की नाही, हे पंधरा दिवसांनी तांब्याभर पाणी मारून बघा. पाणी ओघळून गेलं आणि भिंत काळी पडली नाही तर झालं. काही वर्षांनी उन्हाने पृष्ठभागावरचे थेंब बनणं कमी होतं, पण आतला थर शाबूत असतो, त्यामुळे लगेच घाबरून दुसरा डबा आणू नका.

सकाळी आपण ठरवलं की सगळ्यांनी मिळून शाळेला वाचनालयाची एक नवी खोली बांधून द्यायची. त्यावर माझ्या मागण्या आत्ताच नोंदवून ठेवा. एका सिमेंटच्या गोणीला पंचवीस लिटर पाणी, आणि ते मोजायला बादलीवर खूण. मिक्सरवाला कितीही कुरकुरला तरी वर तांब्याही नाही. बाजारात आता बहुतेक राखेचं सिमेंट मिळतं, आपल्या तिरोड्याच्या वीजकेंद्रात निघते त्या जातीची उडती राख त्यात असते. ते सिमेंट वाईट नाही, उलट पुढे जाऊन घट्ट होतं, पण त्याला पाणी जास्त दिवस मारावं लागतं. चौदा दिवस स्लॅबवर आळी करून पाणी उभं ठेवायचं. धानाच्या बांधीत पाणी धरायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. कव्हर ब्लॉक मी स्वतः मोजून घेईन. छज्ज्याला ड्रिप. हे सगळं नीट झाल्यावर पैसे उरले तर बाहेरच्या उघड्या काँक्रीटला सिलेन, तेही दिवाळीनंतर. दर्शनी भिंतीला रंग द्यायचा असेल तर ते आधी सांगा, कारण पाणी झटकणाऱ्या भिंतीवर चुना आणि साधा डिस्टेंपर धरत नाही.

उद्या सकाळी आठ वाजता मी आणि माझा पुतण्या गावात फिरणार आहोत. ज्यांना आपला स्लॅब किंवा छज्जा दाखवायचा असेल त्यांनी चहापानानंतर नाव लिहून द्या. फिनॉल्फ्थॅलीनची बाटली माझ्याजवळ आहे. शिडी आणि हातोडी तुमची.